कंदील, गाजर, पूल

आंघोळ करून मेट्रनबाई खोलीत आल्या, तेव्हा खिडकीजवळच्या फळीवर किटली नव्हती. कप होता, साखरेचा डबा होता, चमचा होता; किटलीच्या जागी फळीवर पांढरट गोल डाग तेवढा होता. या वयात एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की पहिला संशय माणूस स्वतःवरच घेतो, तसा त्यांनीही घेतला. कपाटात बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं, आणि अंगावरचं पाणी नीट न टिपताच मोरीतसुद्धा जाऊन आल्या, जणू किटलीलाच आंघोळ घालायला नेलं होतं. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. वायरही नव्हती. विसरभोळं माणूस किटली कुठेतरी ठेवून येतं, वायर गुंडाळून सोबत नेत नाही. म्हणजे हरवली नव्हती, नेली होती. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एवढं कळायला वेळ लागला नाही. पण जे कळलं त्यानं हायसं वाटलं नाही. कारण या इमारतीत किटली कधी नेतात हे त्यांना ठाऊक होतं.

इमारतीला मजले दोनच. खाली राहणारे आपल्या पायांवरचे. त्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे, चहा त्यांचा ते करणार, संध्याकाळी सहापर्यंत गेटबाहेर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणार, आणि बसस्टॉपवर उगीच बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसमधली तोंडं बघणार. वर राहणाऱ्यांना सांभाळायचं असतं. तिथल्या दाराला आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही असं कुलूप, चहा ठरल्या वेळी प्लॅस्टिकच्या पेल्यात, कात्री नाही, सुई नाही, काच नाही. खालची माणसं ‘वरचा मजला’ असं कधी म्हणत नसत. ‘तो गेला वर’ एवढंच म्हणत, आणि नव्यानं आलेला माणूस दचकून विचारी, कधी गेले, काय झालं होतं? मेट्रनबाई या विनोदाला मनापासून हसत आल्या होत्या. खरं तर त्या मेट्रन कधी झाल्याच नव्हत्या, वॉर्ड सिस्टर म्हणूनच निवृत्त झाल्या. पण जेवणाच्या हॉलमध्ये येताच सगळ्यांच्या सुजलेल्या घोट्यांवरून नजर फिरवायची त्यांची सवय बघून कुणीतरी त्यांना ही बढती देऊन टाकली होती.

इनचार्जबाई ऑफिसात फायलीवर वाकलेल्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, आवाज कायम लहान मुलाला औषध पाजताना असतो तसा. “किटली मीच उचलायला सांगितली, आजी. बसा ना,” त्या म्हणाल्या.

“मी कुणाची आजी नाही. लग्नच केलं नाही, तर आजी कुठून होणार?”

“बरं, बरं. दुपारनंतर तुम्हाला वरची खोली मिळतेय. पूर्वेची आहे, उजेड छान आहे. भाचीनं कालच सही केलीय. सामान हलवायला येते म्हणाली साडेअकराला.”

“कशासाठी?”

इनचार्जबाईंनी फाइल स्वतःकडे ओढली. त्या वाईट बाई नव्हत्या, हेच खरं अडचणीचं होतं. त्यांनी एकेक वाचून दाखवलं. हिवाळ्यात किटली कोरडी तापून जळाली. कॉरिडॉरमधल्या बेसिनचा नळ दोनदा रात्रभर वाहिला. उन्हाळ्यात घरातल्या सपाता घालून गेटबाहेर गेलात, शेजारच्या खोलीतल्या टेलरबाईंनाही सोबत नेलंत, वॉचमननं बघितलं. “आणि परवाची स्मरणशक्तीची टेस्ट. तीन शब्दांपैकी एकही नाही. उलट मागच्या वेळचे शब्द सांगितलेत. डॉक्टर म्हणाल्या, हे लक्षण चांगलं नाही. जुन्यात अडकून राहायचं.”

“चमचा, ढग, दोरी,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आत्ता विचारा ना.”

“आता आठवून काय उपयोग, आजी? विचारलं होतं परवा.”

मेट्रनबाई उठून बाहेर आल्या. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या, आणि बसल्या बसल्या हातांकडे बघत राहिल्या. चमचा, ढग, दोरी. चमचा, ढग, दोरी. सगळं जागच्या जागी होतं. मग परवा काय झालं होतं? परवा ती तरुण डॉक्टर समोर बसली, तीन शब्द म्हणाली, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, वार विचारला. आणि पाच मिनिटांनी म्हणाली, मघाचे शब्द सांगा. मेट्रनबाईंनी एका दमात, अगदी खणखणीत सांगितलं होतं: कंदील, गाजर, पूल. आणि ती पोरगी पेन उचलून त्यांच्याकडे ज्या दयेनं बघत राहिली, ती दया मेट्रनबाईंच्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं त्यांनी स्वतःच ती वाटलेली होती.

कंदील, गाजर, पूल हे शब्द त्यांचे नव्हतेच. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी होते. टेस्टचे कागद दोन असतात आणि ते आलटून पालटून वापरतात, हे त्यांना नोकरीपासून माहीत होतं. या खेपेला ज्याला मागे पहिला कागद मिळाला त्याला दुसरा, आणि ज्याला दुसरा त्याला पहिला. म्हणजे मेट्रनबाईंना मागच्या वेळी आलेले शब्द या वेळी टेलरबाईंना येणार. मागच्या खेपेला टेलरबाई काठावर सुटल्या होत्या; या खेपेला सुटल्या नसत्या. म्हणून पूर्ण महिनाभर, रोज चार वाजता चहाच्या वेळी, मेट्रनबाईंनी त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. महिनाभर दुसऱ्याला पाठ करवलं, आणि शेवटी आपल्याच तोंडात तेच बसलं. करायला गेले एक. शिकवणाऱ्या नापास झाल्या आणि शिकणाऱ्या पास. जळालेली किटलीसुद्धा टेलरबाईंचीच. ती मेट्रनबाईंनी उचलून स्वतःच्या खोलीत आणली आणि स्वतःची चांगली तिच्या जागी नेऊन ठेवली, मग इनचार्जबाईंसमोर मान खाली घालून नवी मागून घेतली. नळही टेलरबाईंनीच उघडा टाकलेला. सपाता घालून बसस्टॉपवर त्याच जाऊन बसल्या होत्या, आपलं शिलाईचं दुकान उघडायला उशीर होतोय म्हणत; मेट्रनबाई शोधत मागून गेल्या आणि वॉचमन दिसताच म्हणाल्या, “मीच घेऊन आले यांना, वारा खायला.” एकेक वेळेला एवढंच वाटलं होतं: एका खोट्यानं काय बिघडतं, माझं खातं स्वच्छ आहे. ते स्वच्छ खातं तीन वर्षांत कसं भरत गेलं हे त्यांनी बघितलंच नव्हतं. आता खरं सांगितलं की त्या खाली राहतील आणि टेलरबाई वर जातील. नाही सांगितलं की त्या वर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींचं पाणी एकच.

या बाईसाठी एवढं का, असं भाचीनं विचारलं असतं तर त्यांना धड उत्तर देता आलं नसतं. इथं आल्यावर पहिले चार महिने त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. माणसं दिसत, पण पेशंट म्हणून दिसत. याची साखर वाढलीय, हिचं हृदय दमलंय. एके दिवशी जेवणाच्या रांगेत मागून कुणीतरी त्यांच्या झग्याचा खांदा चिमटीत धरला. “हा खांदा चुकलाय,” मागची बाई म्हणाली. “कोणी शिवला? काढ तो, नीट करून देते.” पस्तीस वर्षं दुसऱ्यांना कपडे काढा म्हणणाऱ्या बाईला असं सांगणारं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं. संध्याकाळी त्यांनी निमूटपणे झगा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो अंगात असा बसला, की आपल्याला खांदे आहेत हे त्यांना नव्यानं कळलं. मग चार वाजता चहा ठरला. टेलरबाई सगळ्या जगाला अगं-तूगं करत, मेट्रनबाईंना जमायचं नाही, त्या अहो-जाहोच करत राहिल्या; पण तेवढ्या एका तासात त्यांच्या नजरेला समोरच्या बाईचे घोटे दिसत नसत. ती विसरतेय हे मात्र त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं. सकाळी जेवलो की नाही हे टेलरबाईंना सांगता येत नसे, आणि कॉलर मात्र माप न घेता कापत, मिलिमीटरचा फरक नाही. जे काही उरलं होतं ते हातात उरलं होतं. वर सुई देत नाहीत. सुई गेली की ही बाई गेली, हे मेट्रनबाईंनी तेव्हाच मनाशी लिहून ठेवलं होतं.

शब्दसुद्धा डोक्यात राहिले नाहीत, तेव्हा हातांनाच शिकवले. मेट्रनबाईंनी पांढरा रुमाल आणला आणि म्हणाल्या, “यावर कंदील काढा.” पिवळ्या दोऱ्याचा कंदील झाला. शेजारी नारिंगी गाजर, हिरव्या शेंडीसकट. मग राखाडी पूल, तीन कमानींचा. त्यानंतर रुमाल बोटांत फिरवला की टेलरबाईंच्या तोंडून तिन्ही शब्द आपसूक बाहेर पडत. शाळेतली पोरं बाहीत कागद लपवतात तशी ती भानगड, आणि दोघी त्यावर पोट धरून हसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायकांनी कॉपी करायची म्हणजे काय. टेस्टच्या दिवशी टेलरबाई रुमाल मुठीत धरून आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “काय विचारत होती गं ती पोर? गोड होती.”

साडेअकराला भाची आली. ऑफिसातून अर्धी रजा काढून आलेली, नाक लाल झालेलं, हातात दोन रिकाम्या पिशव्या. “मावशी, वर डॉक्टर चोवीस तास असतात गं,” ती म्हणाली. “मला रात्री झोप लागत नाही. तू गॅसवर काही ठेवलंस आणि...”

“इथं गॅस नाही. किटली होती.”

“तेच गं.”

तिनं पिशवी उघडली आणि मेट्रनबाईंचे झगे घड्या करून भरायला लागली. तो पहिला, खांदा दुरुस्त केलेला, सगळ्यांत खाली गेला. आणि इथे मेट्रनबाईंचा धीर सुटला. गप्प राहायचं हे त्यांनी सकाळपासून दहा वेळा ठरवलं होतं, पण ठरवणं बाकावर बसून होतं आणि पिशवी समोर भरत होती. त्यांना फार भीती वाटली. वर दार आकड्यांनी उघडतं, आणि ते आकडे त्यांना कुणी सांगणार नव्हतं. “मी नव्हते ती,” त्या म्हणाल्या. “किटली, नळ, काही म्हणजे काही. टेलरबाई होत्या. शब्दही मी त्यांना शिकवले, म्हणून माझे चुकले. चल, इनचार्जना सांगू.”

“मावशी, कुणाचं नाव घेऊ नकोस ना गं.”

पण त्या गेल्याच. इनचार्जबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी मधे न बोलता, आणि टेलरबाईंना बोलावणं धाडलं. टेलरबाई आल्या, बसल्या, सगळ्यांकडे बघून हसल्या. हातात रुमाल होता, मुठीत चुरगळलेला. कोपऱ्यातून गाजराची हिरवी शेंडी तेवढी बाहेर डोकावत होती.

“आजी, या तुम्हाला टेस्टचे शब्द शिकवत होत्या का?” इनचार्जबाईंनी विचारलं.

“कसले शब्द?”

“तुमची किटली जळाली होती कधी?”

“माझी? माझी छान आहे. नवीकोरी,” टेलरबाई म्हणाल्या. मग मेट्रनबाईंचा चेहरा त्यांच्या लक्षात आला. त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी मेट्रनबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. “हिला कशाला त्रास देता? थकलीय बिचारी. अलीकडे विसरते जरा. पण मनानं फार चांगली आहे हो.”

त्यात लबाडी तिळभर नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मेट्रनबाईंची नजर त्या हिरव्या शेंडीवर खिळली होती. रुमाल उलगडा, एवढंच म्हणायचं होतं. कंदील, गाजर, पूल, टेस्टच्या कागदावरचे तिन्ही, दोऱ्यानं शिवलेले. हातच्या काकणाला आरसा कशाला? रुमाल टेबलावर पसरला असता तर इनचार्जबाईंनी पेन खाली ठेवलं असतं. आणि संध्याकाळपर्यंत टेलरबाईंची सुई, कात्री, दोऱ्याची रिळं एका पाकिटात घालून वर चिठ्ठी चिकटवली गेली असती. शब्द ओठांपर्यंत आला. पाठीवरचा हात अजून फिरत होता, खांद्याची शिवण जिथे नीट केली होती तिथे येऊन थांबला, बोटांनी ती चाचपली, बरोबर आहे बघून पुढे गेला. मेट्रनबाईंनी नजर रुमालावरून काढून घेतली.

इनचार्जबाई लिहू लागल्या. समोरचा कागद उलटा वाचायचं कसब नर्सला नोकरीतच येतं. ‘स्वतःच्या चुका दुसऱ्यावर ढकलतात. गोष्टी रचतात. शांतपणे समजावले.’ हे वाक्य मेट्रनबाईंच्या इतक्या ओळखीचं होतं की अक्षर तेवढं वेगळं वाटलं. त्यांच्या वॉर्डात सात नंबरच्या बेडवर एकदा एक म्हातारा सुतार होता. तो रोज सांगायचा, दुपारी पांढरी पिशवी घेतलेली बाई येते आणि माझ्याजवळ बसते. भेटीची वेळ संध्याकाळची, दुपारी वॉर्ड बंद. तीन दिवस त्यांनी चार्टवर लिहिलं होतं, ‘असंबद्ध बोलतो, भास होतात.’ चौथ्या दिवशी झोपेचं औषध वाढवलं. पाचव्या दिवशी तो सुतार गेला, औषधानं नाही, त्याच्या आजारानंच, तसं कागदोपत्री स्पष्ट होतं. आणि सहाव्या दिवशी दुपारी, त्या डबा लवकर आटपून परत आल्या तेव्हा, सात नंबरच्या रिकाम्या बेडशेजारी पांढरी पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. मागच्या जिन्यानं यायची, झाडणाऱ्या बाईच्या ओळखीनं. “आज कुठे नेलं त्यांना?” असं तिनं विचारलं होतं. चार्ट तेव्हा अजून टेबलावरच होता. त्यावर एक ओळ लिहिता आली असती: बाई खरी होती. पण चार्ट मिटलेला होता, आणि मिटलेला चार्ट कोण उघडतं? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण त्या म्हाताऱ्याला विसरलो. तो शेवटी त्यांच्याकडे बघायचाही बंद झाला होता. बोलून उपयोग नाही हे एकदा कळलं की माणूस कसा गप्प होतो, ते त्यांनी तेव्हा बाहेरून बघितलं होतं.

दुपारी भाचीनं पिशव्या वर पोहोचवल्या. मेट्रनबाईंना चालता येत होतं, रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होत्या, पण वर नेताना चाकाच्या खुर्चीतूनच न्यायचं असा नियम होता, आणि नियम त्यांनीही आयुष्यभर पाळायला लावलेच होते. त्या निमूट बसल्या. पाय फळकुटांवर ठेवले. इनचार्जबाईंनी त्यांची खुर्ची लिफ्टसमोर आणून उभी केली आणि “राहिलेला साखरेचा डबा घेऊन येते हं, आजी,” म्हणून खोलीकडे गेल्या. आजी म्हटलेलं आज त्यांना टोचलं नाही. लिफ्ट वर कुठेतरी अडकल्यासारखी घरघरत होती.

चार वाजले असावेत, कारण टेलरबाई हातात कप घेऊन कॉरिडॉरमधून येत होत्या. घड्याळ त्यांना वाचता येत नसे अलीकडे. चार कसे कळत, कोण जाणे. “इथं काय बसलीयस?” त्या म्हणाल्या. “चहा नाही का करायचा?”

“आज माझ्याकडे किटली नाही.”

“माझ्याकडे आहे. नंतर करू,” टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांच्या खुर्चीशेजारच्या बाकावर टेकल्या. कप बाजूला ठेवून त्यांनी रुमाल काढला, मांडीवर नीट पसरला, आणि पिवळ्या दोऱ्यावरून बोट फिरवत, शाळेतल्या मुलीसारखी मान ताठ करून म्हणाल्या, “कंदील. गाजर. पूल. बघ, एकदाही अडखळले नाही. बरोबर?”

कॉरिडॉरमध्ये दुसरं कोणीच नव्हतं. मेट्रनबाईंना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं, आणि ते ऐकायला त्या एकट्याच होत्या. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “अगदी बरोबर.”

“आता तुझे सांग.”

“माझे?”

“तुझेही असतील ना. मीच का एकटीनं पाठ करायचं?”

हे कधी त्यांनी विचारलं नव्हतं. मेट्रनबाई खुर्चीत जरा सावरून बसल्या. “चमचा,” त्या म्हणाल्या. “ढग.” आणि थांबल्या. तिसरा होता. सकाळी होता, बाकावर बसून दोनदा म्हटला होता, ऑफिसात इनचार्जबाईंना ऐकवला होता. त्या पहिल्यापासून पुन्हा निघाल्या, चमचा, ढग, आणि पुन्हा तिथंच येऊन उभ्या राहिल्या. पूल नाही. पूल टेलरबाईंचा. डोळे मिटले तर फळीवरचा पांढरट गोल डाग दिसला, मग सात नंबरचा बेड दिसला, शब्द कुठेच नव्हता. नुसता विसरला असता तर गोष्ट वेगळी. त्यांना आता आठवेना की परवाही तो विसरला होता की नव्हता, आणि महिनाभर जे केलं ते शिकवणं होतं की दोघी मिळून तेच तीन शब्द धरून बसल्या होत्या. टेलरबाई तोंड वर करून वाट बघत होत्या, जराही घाई न करता, जशा मेट्रनबाई महिनाभर त्यांची वाट बघत आल्या होत्या.

“होतं असं,” टेलरबाई म्हणाल्या. रुमालाची घडी घालून त्यांनी तो मेट्रनबाईंच्या मांडीवर ठेवला आणि वरून हातानं दाबून बसवला. “हे ठेव. मी यातच बघते.”

लिफ्टचं दार उघडलं. तोवर खोलीकडून डबा घेऊन इनचार्जबाईही परत आल्या होत्या. “निघायचं ना?” त्या म्हणाल्या, आणि मेट्रनबाई मांडीवरचा रुमाल उलगडून, कंदिलापासून सुरुवात करून, आपला तिसरा शब्द पुन्हा शोधू लागल्या.